सत्तर पुंगळ्या

बूट काढू नका. मार्च सरत आला तरी न्यूयॉर्क राज्याच्या या कोपऱ्यात बर्फ हटलेला नाही. साल १९१५, तारीख २२, पहाट. गावाचं नाव वेस्ट शेल्बी. चार शेतं, चार घरं आणि मधून गेलेला एक रस्ता. रस्त्याच्या अलीकडे एक छोटं घर आहे आणि त्याच्या उंबऱ्याशी रात्रीच्या झग्यातली एक बाई निपचित पडली आहे. पलीकडच्या मोठ्या घरापासून इथवर तिच्या पावलांच्या खुणा बर्फात उमटल्या आहेत. तुम्हाला इथे कोणी पाहणार नाही, तेव्हा बिनधास्त त्या खुणांच्या उलट्या दिशेने चालत जा. स्वयंपाकघरात सत्तरीचे चार्ल्स फेल्प्स पडले आहेत. श्वास चालू आहे, शुद्ध नाही. बाई म्हणजे त्यांचं घर सांभाळणारी मार्गारेट वॉलकॉट. ती गेली, आणि फेल्प्सही वाचणार नाहीत. दोघांच्या अंगात पॉइंट बावीसच्या गोळ्या आहेत.

बाईला पहिल्यांदा पाहिलं ते छोट्या घरातल्या चार्ल्स स्टायलोने. फेल्प्सच्या शेतावरचा हा गडी जर्मन घरातला, कष्टाळू, डोक्याने जरा मंद. आपल्याकडे बंदूक नाही असं तो पोलिसांना सांगतो आणि तिथेच फसतो, कारण त्याच्याकडे पॉइंट बावीसचं एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे आणि घाबरून ते त्याने मेहुण्याकडे लपवायला दिलं आहे. पुढचं तुम्हाला ओळखता येईल. खाजगी डिटेक्टिव्ह येतो, दिवसरात्र चौकशी चालते, आणि शेवटी एक कबुलीजबाब तयार होतो. त्याखाली स्टायलोची सही नाही आणि त्यातली भाषाही त्याची वाटत नाही.

नुसत्या कबुलीवर खटला उभा राहत नाही, म्हणून ऑल्बियनच्या कोर्टात एक तज्ज्ञ आणले गेले आहेत. आल्बर्ट हॅमिल्टन, गाव ऑबर्न. धंदा औषधविक्रीचा. नावामागे 'डॉक्टर' लावतात, ती पदवी कोणी दिलेली नाही. मागच्या बाकावर बसा आणि ऐका. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाशी आपल्याला नऊ ओरखडे दिसले, आणि मृतांच्या शरीरातून निघालेल्या गोळ्यांवरही तेच नऊ, असं ते ठासून सांगताहेत. बचावाचा वकील विचारतो, की मग या मोठ्या केलेल्या छायाचित्रांत ते का दिसत नाहीत? हॅमिल्टन अडखळत नाहीत. छायाचित्र गोळीच्या दुसऱ्या बाजूचं निघालंय, म्हणतात. ज्युरीतले शेतकरी माना डोलावतात. दुसरी बाजू दाखवा असं कोणीच म्हणत नाही. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल, पण उपयोग नाही.

स्टायलोला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते.

सिंग सिंगच्या तुरुंगात फार वेळ थांबू नका. ती जागा कुणालाच सोसत नाही. स्टायलोची तारीख ठरते, पुढे ढकलली जाते, पुन्हा ठरते. ग्रेस ह्यूमिस्टन नावाच्या वकीलबाई त्याच्या बाजूने धावपळ करताहेत आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांचाही या माणसाच्या अपराधावर विश्वास बसेनासा झाला आहे. १९१६च्या जुलैत एकदा तर खुर्चीला जेमतेम चाळीस मिनिटं उरली असताना स्थगिती येते. पुढे एक फिरस्ता विक्रेता खुनाची कबुली देतो आणि मग ती मागे घेतो. गव्हर्नर व्हिटमन अखेर मृत्युदंड माफ करून जन्मठेप देतात आणि सगळं प्रकरण पुन्हा तपासायला जॉर्ज बाँड या वकिलांना नेमतात. बाँड यांच्या मदतीला सरकारी नोकरीतला एक माणूस येतो, चार्ल्स वेट.

आता या टेबलाजवळ या. स्टायलोचं रिव्हॉल्व्हर समोर आहे. न्यूयॉर्क पोलिसांचे कॅप्टन जोन्स कापसावर नेम धरून त्यातून काही गोळ्या झाडतात. कापसातून काढलेली गोळी चिमटीत धरून बघा. काळी, काजळी आणि जुन्या मळाने माखलेली. हे रिव्हॉल्व्हर कित्येक वर्षांत कोणी उडवलेलंच नाही. नळीत साचलेली घाण पहिल्या गोळ्यांबरोबर बाहेर आली. शेजारी खुनातल्या गोळ्या ठेवल्या आहेत, स्वच्छ. इतकं तर भिंगाशिवायही दिसतं. नंतर सगळ्या गोळ्या रॉचेस्टरला बाउश अँड लाँब कंपनीच्या मॅक्स पोझर यांच्याकडे जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या जातात. ते नऊ ओरखडे नळीवर नाहीत, गोळ्यांवर नाहीत, कुठेच नाहीत. उलट खुनातल्या गोळ्यांवर नळीच्या आतल्या पिळाची खूणच चमत्कारिक आहे. ती नळी कारखान्यातच सदोष निघालेली असणार. स्टायलोच्या नळीचा पीळ मात्र नीट, पाचही खाचा जागच्या जागी. १९१८ साली तो सुटतो. खुनासाठी दुसऱ्या कोणालाही शिक्षा होत नाही.

हॅमिल्टनचं काय झालं, असं विचाराल. काहीही नाही. वर्षानुवर्षं ते साक्ष देत फिरतात. १९२३ साली ते डेडहॅमच्या कोर्टात, एका पहारेकऱ्याच्या खुनाचे आरोपी सॅको आणि व्हॅन्झेटी यांच्या बाजूने उभे राहतात. येताना दोन नवी कोरी कोल्ट पिस्तुलं घेऊन येतात, न्यायाधीशांसमोर ती दोन्ही आणि सॅकोचं तिसरं खोलून दाखवतात, आणि जोडताना नळ्यांची अदलाबदल होते. न्यायाधीश थेयर त्यांना जाता जाता थांबवतात, पिस्तुलं ठेवून घेतात, आणि काही आठवड्यांनी लक्षात येतं की सॅकोच्या पिस्तुलात नवी नळी बसली आहे. हे सगळं भर कोर्टात! एका खटल्यात सरकारच्या बाजूने, दुसऱ्यात आरोपीच्या. माणूस पक्षपाती होता असं म्हणायलाही जागा नाही.

वेटला मात्र स्टायलो चैन पडू देत नाही. एक निरपराध माणूस चाळीस मिनिटांवरून परतला तो भल्यांच्या मेहेरबानीने, पुराव्याने नव्हे, हे त्याच्या मनातून जात नाही. पुढची काही वर्षं त्याच्या मागे मागे फिरलात तर कंटाळा येईल, कारण तो फक्त बंदुकांच्या कारखान्यांची दारं वाजवतो. आधी अमेरिकेतली, मग युरोपातली. कोणत्या मॉडेलच्या नळीत किती खाचा, किती रुंद, पीळ डावा की उजवा, किती इंचांत एक वेढा, हेच तो विचारतो आणि लिहून घेतो. कोल्टचा पीळ डावा, स्मिथ अँड वेसनचा उजवा, असे तक्ते भरत जातात. या तक्त्यांवरून गोळी कोणत्या बनावटीच्या हत्यारातून सुटली ते कळतं. पण त्या बनावटीची हजारो पिस्तुलं बाजारात आहेत. त्यातलं नेमकं कोणतं, याचं उत्तर तक्त्यात नसतं.

ते असतं नळीच्या आत. कारखान्यात पोलादी नळीत खाचा पाडणारं पातं एका नळीतून दुसरीत जातं आणि जाता जाता झिजतं. त्याच्या धारेला बारीक खांड पडते, कीस अडकतो, पुढच्या नळीत तो नसतो. खांड पडलेल्या विळीवर भोपळा चिरला की प्रत्येक फोडीवर तीच रेघ उठते, तसंच इथे. शिवाय नळी वापरात आली की तिला गंज, घासणं, साफसफाई यांचे स्वतःचे व्रण पडतात. शिशाची किंवा तांब्याच्या पत्र्याची गोळी प्रचंड दाबाने त्यातून घुसते तेव्हा ते सगळे व्रण अंगावर घेऊन बाहेर पडते. गोळी सुटल्यावर मागे उरणाऱ्या पितळी पुंगळीचंही तसंच. मागच्या बाजूला फायरिंग पिनचा खड्डा, ब्रीचच्या पृष्ठभागाचा ठसा, पुंगळी ओढणाऱ्या आकडीचा चरा आणि ती बाहेर फेकणाऱ्या खुंटीचा टोला, असा सगळा हिशेब तिच्यावर उमटलेला असतो.

हे ओरखडे आहेत, हे हॅमिल्टनलाही ठाऊक होतं. फरक इतकाच, की ते ओरखडे फक्त त्याला दिसायचे.

न्यूयॉर्क शहर, १९२५. चौघांनी मिळून एक कचेरी उघडली आहे, ब्यूरो ऑफ फॉरेन्सिक बॅलिस्टिक्स. वेट इथला म्होरक्या, पण त्याच्याकडे आता वेळ थोडा आहे, पुढच्याच वर्षी तो जाणार आहे. जॉन फिशर यांनी नळीच्या पोटात डोकावून बघायचं एक उपकरण बनवलं आहे. फिलिप ग्रॅव्हल हे सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रं काढणारे. चौथे कॅल्व्हिन गॉडर्ड. जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर, लष्करातला हुद्दा, लहानपणापासून बंदुकांचं वेड. ग्रॅव्हलना एक साधी अडचण खुपत होती. सूक्ष्मदर्शकाखाली एक गोळी बघायची, मग ती काढून दुसरी ठेवायची, आणि मधल्या वेळात पहिली डोळ्यांसमोर आणायची. आठवणीवर विसंबलं की मन आपल्याला हवं ते दाखवतं.

त्यावरचा तोडगा टेबलावर आहे. बसा. दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांच्या डोक्यावर एक आडवा पूल बसवला आहे, त्यात लोलक, आणि वर पाहायला एकच काचेचं तोंड. डाव्या नळकांड्याखाली मेणाच्या गोळ्यावर टेकवलेली एक गोळी, उजव्याखाली दुसरी. डोळा लावा. एकच गोल दिसतो, मधोमध एक बारीक काळी रेघ, तिच्या डावीकडे एक गोळी आणि उजवीकडे दुसरी. प्रकाश अगदी तिरपा सोडला आहे, म्हणून प्रत्येक चऱ्याला सावली आली आहे. नांगरलेल्या दोन शेतांच्या बांधावर उभं राहून बघावं... नाही, ते नको, विळीने भागलं आहे. उजवा स्क्रू हळूच फिरवा. उजवीकडची गोळी स्वतःभोवती वळते, रेघा सरकतात, एकही जुळत नाही. अजून थोडं. अजून. खाच संपली, उंचवटा आला, पुन्हा खाच. हात आखडतो, डोळ्याला पाणी येतं. आणि एका जागी डावीकडची जाड रेघ मधली काळी रेषा ओलांडून उजवीकडे तशीच पुढे जाते. तिच्याखालची जोडरेघ पण. त्याखालच्या तीन बारीक रेघा, मधे थोडी मोकळी जागा, मग पुन्हा एक जाड, सगळ्या पलीकडे चालू राहतात. आता उठा आणि शेजारच्याला बसू द्या. तुम्ही काही न सांगता तोही हेच बघेल. बचावाचा वकील बघेल, ज्युरी बघेल, हवं तर छायाचित्र काढून भिंतीवर लावता येईल. मला विचाराल तर या यंत्राचं खरं मोल एवढंच आहे. भिंगाची ताकद पोझरकडेही होती.

१९२७च्या जूनमध्ये गॉडर्ड हे यंत्र घेऊन डेडहॅमला जातात. सॅकोच्या पिस्तुलातून झाडलेली गोळी आणि मृत पहारेकऱ्याच्या अंगातून काढलेल्या गोळ्यांतली तिसऱ्या क्रमांकाची गोळी एकमेकींशी जुळतात. ऑगस्टमध्ये दोघांना मृत्युदंड होतो. वाद तिथे संपत नाही. जुळलेली गोळी खरोखर त्या देहातूनच निघाली होती की मागाहून पाकिटात आली, हा प्रश्न लोक आजही विचारतात. त्याचं उत्तर गॉडर्डच्या यंत्राकडे नाही. गोळी पाकिटात शिरण्याआधी काय झालं, ते यंत्राला दिसत नाही. हे लक्षात ठेवून पुढे चला, कारण आता शिकागोला जायचं आहे आणि तिथे पाकिटांना फार महत्त्व आहे.

१४ फेब्रुवारी १९२९. २१२२, नॉर्थ क्लार्क स्ट्रीट. विटांचं एकमजली गॅरेज, काचेवर 'एस.एम.सी. कार्टेज कंपनी'. सकाळचे साडेदहा वाजताहेत, हाडं गोठवणारी थंडी, भुरभुर बर्फ. पोलिसांच्या गाडीसारखी दिसणारी एक काळी गाडी थांबते. चौघे आत जातात, दोघे पोलिसांच्या वेषात आणि दोघे साध्या कोटात. तुम्ही रस्त्यापलीकडेच थांबा. आत जाण्यासारखं काही नाही. यांत्रिक खडखडाट ऐकू येतो, मग दोन जड आवाज, मग काही नाही. थोड्या वेळाने साध्या कोटातले दोघे हात वर करून बाहेर येतात, त्यांच्या पाठीला बंदूक लावून वर्दीतले दोघे. बघणाऱ्यांना वाटतं, पोलिसांनी धाड घातली आणि दोघांना पकडून नेलं. गाडी निघून जाते. गॅरेजमध्ये एक कुत्रा भुंकत राहतो, थांबतच नाही, तेव्हा शेजाऱ्यांना संशय येतो.

भिंतीपाशी सात माणसं आहेत. बग्ज मोरन याच्या टोळीतले पाच, टोळीवाल्यांच्या संगतीचा शौक असलेला एक चष्मेवाला आणि एक मेकॅनिक. कुत्रा त्या मेकॅनिकचा, ट्रकला बांधलेला. मोरन स्वतः नाही. त्याला यायला उशीर झाला आणि दारात पोलिसांची गाडी बघून तो परस्पर सटकला. त्याचा वैरी अल कपोन या वेळी दूर फ्लोरिडात आहे, तोही सरकारी अधिकाऱ्यासमोर बसून. सातांपैकी फ्रँक गुसेनबर्ग जिवंत आहे. अंगात चौदा गोळ्या घेऊन तो इस्पितळात जवळजवळ तीन तास काढतो आणि गोळ्या कोणी घातल्या हे पोलिसांना शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणजे साक्षीदार संपले. आता जे काही बोलायचं ते जमिनीवर विखुरलेल्या पितळेने.

अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, म्हणजे कोरोनर, हर्मन बुंडेसेन जागेवर आले आहेत. मुंबईकर वाचकांना कोरोनर नवा नाही, गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईतही तो होता. बुंडेसेन मुळात आरोग्य खात्यातले, शिस्तीचे. पुंगळ्या वेचून मोजल्या जातात, सत्तर भरतात, सगळ्या पॉइंट पंचेचाळीसच्या. शिवाय शॉटगनची दोन काडतुसं. कोणाच्या देहातून कोणती गोळी निघाली ते शवविच्छेदनात वेगवेगळं ठेवलं जातं आणि पाकिटं मोहोरबंद होतात. डेडहॅमला जे राहून गेलं होतं, ते इथे पहिल्याच दिवशी केलं गेलं. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत आवडलेला माणूस कोण म्हणाल तर हा, आणि त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही.

शहर मात्र वेगळ्याच प्रश्नाने पेटलं आहे. त्या दोन वर्द्या खऱ्या होत्या का? शिकागोचे पोलीस दारूवाल्यांकडून हप्ते घेतात हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. दारूबंदी खात्याचा एक अधिकारी तर वर्तमानपत्रांना सांगूनही मोकळा होतो की हे काम पोलिसांचंच. बुंडेसेन यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांची ज्युरी बसवली आहे. तिचे प्रमुख बर्ट मॅसी, कोलगेट-पामोलिव्ह-पीट कंपनीतले बडे अधिकारी. पोलिसांचा पुरावा पोलिसांनीच तपासायचा नाही, हे ज्युरीला कळतं. सरकारी तिजोरीत त्यासाठी पैसे नाहीत. मग मॅसी आणि आणखी एक सदस्य वॉल्टर ओल्सन खिशात हात घालतात आणि न्यूयॉर्कहून गॉडर्डना बोलावून घेतात.

त्यांच्या खांद्यावरून बघा. गोळ्यांवर सहा खाचा आहेत, पीळ उजवा. पॉइंट पंचेचाळीसचं कोल्ट पिस्तूल डाव्या पिळाचं, म्हणजे ते बाद. उरते ती थॉम्प्सन सबमशीनगन, टॉमी गन. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांसाठी कल्पिलेली, युद्ध संपल्यावर बाजारात आलेली, आणि लष्करापेक्षा आधी टोळीवाल्यांना आवडलेली. ती एक होती की अनेक? गॉडर्ड पुंगळ्या एकेक करून यंत्राखाली घालतात. सत्तरांतली प्रत्येक, दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून. आकडीचा चरा इथे, खुंटीचा टोला तिथे. तुम्हाला सुरुवातीला सगळ्या सारख्याच दिसतील. पंधरावीस बघून झाल्या की हात आपोआप त्यांचे दोन ढीग करू लागतो. एका ढिगात पन्नास, दुसऱ्यात वीस. थॉम्प्सनला दोन प्रकारची मॅगझिन्स मिळतात, पन्नास काडतुसांचा गोल डबा आणि वीस काडतुसांची उभी पेटी. दोन बंदुका. दोन्ही रिकाम्या होईपर्यंत चालवलेल्या. त्या गॅरेजमधल्या दोन माणसांचे हात तुम्हाला आता जवळजवळ दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

आणि मग गॉडर्ड जे करतात त्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. शिकागो आणि आसपासच्या पोलिसांकडे असलेल्या थॉम्प्सन बंदुका ते मागवून घेतात. प्रत्येकीतून गोळ्या झाडतात, पुंगळ्या उचलतात, आणि क्लार्क स्ट्रीटच्या पुंगळ्यांशेजारी ठेवतात. एकही जुळत नाही. त्या खोलीत पोलीस उभे आहेत. त्यांच्याकडे बघा, काही जण हातातली टोपी फिरवताहेत. इतके दिवस गावभर ज्यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं, ते ज्या यंत्राची धास्ती घेऊन आले त्याच यंत्राने सुटले. हॅमिल्टनने हवं ते सिद्ध केलं असतं, कोणत्याही बाजूने, फी घेऊन. गॉडर्डना इथे 'नाही' म्हणता आलं, आणि ते कोणालाही तपासून बघता आलं.

पण बंदूकच हाती नाही, तेव्हा पुढे सगळं थांबतं. मे येतो, जून येतो. एक संशयित स्वतःच मारला जातो, दुसऱ्यावरचा आरोप मागे घेतला जातो. गॉडर्ड युरोपातल्या प्रयोगशाळा बघून येतात. ज्युरीतल्या मंडळींच्या पैशाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हे तपासाची शास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहत आहे आणि ते तिचे प्रमुख होणार आहेत. एफबीआयची प्रयोगशाळा निघायला अजून तीन वर्षं आहेत.

१४ डिसेंबर, शनिवार. मिशिगन सरोवराच्या दुसऱ्या काठाला, मिशिगन राज्यातलं सेंट जोसेफ. दोन मोटारी घासल्या, किरकोळ. नुकसान पाच डॉलरचं. प्यायलेला ड्रायव्हर पैसे द्यायला तयार नाही, हुज्जत घालतोय. चार्ल्स स्केली नावाचा पंचवीस वर्षांचा पोलीस त्याच्या गाडीच्या पायरीवर चढतो, ठाण्यावर चल म्हणतो. तीन गोळ्या. त्या पाच डॉलरनी पुढे काय काय उघडलं! गाडी थोड्या अंतरावर आदळून टाकलेली सापडते. तिच्यातल्या कागदांवरून पोलीस सरोवराकाठच्या एका बंगल्यात पोहोचतात. 'फ्रेड डेन' नावाचे सभ्य गृहस्थ इथे राहत होते. कपाट उघडलं की रायफली, शॉटगन, बुलेटप्रूफ जाकीट, बँकेतून चोरलेले तीन लाखांहून अधिक डॉलरचे रोखे, आणि दोन थॉम्प्सन. शर्टावर धोब्याच्या खुणेची तीन अक्षरं, एफ. आर. बी. फ्रेड बर्क, पोलीस ज्याला कधीपासून शोधताहेत तो.

दोन्ही बंदुका शिकागोला पोहोचल्या आहेत. गॉडर्ड कापसाचे बोळे भरलेल्या पेटीत गोळ्या झाडतात, काडतुसं क्लार्क स्ट्रीटवर सापडलेल्या कंपनीचीच घेऊन, म्हणजे पितळाच्या मऊपणाचाही फरक नको. पुंगळ्या गोळा होतात. डाव्या नळकांड्याखाली आजची, उजव्याखाली फेब्रुवारीतली. तुम्ही आता शिकलेले आहात, तेव्हा तुम्हीच फिरवा. एक बंदूक पन्नासांच्या ढिगाशी जुळते, दुसरी विसांच्या. देहांतून निघालेल्या गोळ्याही जुळतात. आणि मग न्यूयॉर्कचे पोलीस आपली पाकिटं घेऊन येतात. १ जुलै १९२८ रोजी ब्रुकलिनमध्ये फ्रँकी येल याला गाडीत गाठून मारलं होतं, त्याच्या अंगातल्या गोळ्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतली एक यंत्राखाली जाते. दोनांपैकी एका थॉम्प्सनने तीही आपलीच म्हणून कबूल केली. क्लार्क स्ट्रीटच्या आधी साडेसात महिने ही बंदूक हजारेक किलोमीटर पलीकडे काम करून आली होती, आणि तेव्हा दोन शहरांचे पोलीस एकमेकांची पाकिटं मागवत नव्हते.

त्यांच्या जन्मकथाही निघतात. एकीचा क्रमांक २३४७. कारखान्याच्या विक्रीत ती १९२४ साली इलिनॉयमधल्याच मॅरियन गावच्या एका डेप्युटी शेरीफच्या नावावर गेली होती. शिकागोतल्या पोलिसांच्या बंदुका निर्दोष निघाल्या खऱ्या, पण जी दोषी निघाली तिचं पहिलं गिऱ्हाईक खाकीवालाच होता.

पुढचं लवकर आटपतं. बर्क १९३१च्या मार्चमध्ये मिझुरीतल्या एका शेतावर झोपेत पकडला जातो. इलिनॉयला तो क्लार्क स्ट्रीटसाठी हवा आहे, मिशिगनला स्केलीसाठी. मिशिगन त्याला सोडत नाही. तो स्केलीच्या खुनाची कबुली देतो, जन्मठेप घेतो आणि १९४० साली मार्केट गावच्या तुरुंगात मरतो. बंदूक त्याच्या कपाटात होती, हे यंत्राने आणि पंचनाम्याने दाखवलं. त्या सकाळी ती त्याच्या हातात होती का, हे मात्र कोणत्याही कोर्टात तपासलंच गेलं नाही. सात खुनांसाठी एकालाही शिक्षा झाली नाही. गॅरेज १९६७ साली पाडलं गेलं. त्या भिंतीच्या विटा एका कॅनेडियन व्यावसायिकाने विकत घेतल्या, त्या फिरत फिरत लास व्हेगासच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि लोक तिकीट काढून बघतात. दोन्ही थॉम्प्सन मात्र मिशिगनमध्ये बेरियन काउंटीच्या शेरीफकडेच आहेत, अजून पुरावा म्हणून.